बडोद्यातला मुक्काम लांबला, आता परतायचंय: परदेशातल्या घरी पुन्हा रुळताना

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन म्हणून तीन आठवड्यांसाठी आलेलं माणूस दांडिया बाजारातल्या घरात पाच-पाच महिने अडकतं. ऑपरेशन होतं, मग फिजिओथेरपी लागते, मध्येच बाबांची साखर वाढते, मग पावसाळा येतो. तिकडे न्यू जर्सीत, टोरंटोत किंवा दुबईत नवरा किंवा बायको मुलांचं सगळं एकहाती ओढत असते. शेवटी तिकीट निघतं आणि सगळ्यांना वाटतं, झालं, आता फक्त विमानात बसायचं.

खरं काम तिथून पुढे असतं. परतताना दोन घरांची सूत्रं हलवायची असतात. इथली सूत्रं नीट दुसऱ्याच्या हातात द्यायची, आणि तिथली लगेच हिसकावून घ्यायची नाहीत. होतं नेमकं उलटं. इथलं शेवटच्या रात्रीपर्यंत सुटत नाही, आणि तिथे पहिल्याच सकाळी ओट्याचा ताबा घेतला जातो. म्हणून पुढच्या पायऱ्या तारखेच्या क्रमाने दिल्या आहेत.

साठ दिवस आधी: दिवस मोजा

पासपोर्टवरचे शिक्के काढा आणि कागदावर मांडा: भारतात आलात ती तारीख, निघायची तारीख, मधले दिवस. या एका आकड्यावर बरंच काही ठरतं.

अमेरिकेचं ग्रीन कार्ड असेल तर १८० दिवस ही पहिली रेघ. त्यापुढे गेलात की विमानतळावर तुमच्याकडे नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखं बघितलं जाऊ शकतं, आणि नागरिकत्वासाठी लागणारं सलग वास्तव्य तुटलं असं गृहीत धरलं जातं. ते खोडून काढायचं ओझं तुमच्यावर असतं. जवळ ठेवायचे कागद: तिथलं टॅक्स रिटर्न, घराचा भाडेकरार किंवा कर्जाचा हप्ता, जोडीदाराच्या पगाराच्या पावत्या, मुलांच्या शाळेचं पत्र, आणि इथल्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड. एक वर्षाची रेघ याहून कडक आहे. ती ओलांडायची असेल तर री-एंट्री परमिट लागतं, आणि त्याचा आय-१३१ अर्ज अमेरिकेत असतानाच भरावा लागतो. बडोद्यात बसून तो भरता येत नाही. ही गोष्ट लोकांना दहाव्या महिन्यात कळते.

अमेरिकेच्या एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा एच-४ (त्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) वाल्यांनी आधी पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का जिवंत आहे का ते बघावं. २ सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीतून मिळणारी सूट बहुतेकांसाठी संपली आहे. म्हणजे नव्या शिक्क्यासाठी सहसा मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत, स्वतः हजर व्हावं लागतं. तारीख मिळाल्याशिवाय परतीचं तिकीट पक्कं करू नका. दुसरी मेख पासपोर्टची मुदत. ती जवळ आली असेल तर अमेरिकेत उतरल्यावर मिळणारी आय-९४ ची (कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीची) तारीख व्हिसाइतकी न देता पासपोर्टच्या मुदतीपर्यंतच दिली जाऊ शकते. तेव्हा पासपोर्ट आधी इथे नवा करून घ्या, आणि उतरल्यावर आय-९४ ऑनलाइन उघडून तारीख स्वतः वाचा.

बाकी देशांचं थोडक्यात. कॅनडाच्या पीआरला, म्हणजे कायम रहिवाशाला, पाच वर्षांत ७३० दिवस तिथे असावं लागतं. पीआर कार्डची मुदत इथे असताना संपली तर विमानात बसण्याआधी प्रवासाचा वेगळा दस्तऐवज काढावा लागतो. ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याची परवानगी सलग दोन वर्षं बाहेर राहिल्यावर जाते. तिथे वास्तव्य परवान्याची जुनी बीआरपी कार्डं २०२४ अखेर संपून सगळं ई-व्हिसावर गेलं आहे, म्हणून इथे नवा पासपोर्ट काढलात तर त्याचा नंबर त्यांच्या ऑनलाइन खात्यात जोडून मगच निघा. जर्मनीत साधारण परवाना सहा महिने बाहेर राहिल्यावर जातो, ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) बारा महिन्यांनी. संयुक्त अरब अमिरातीचा साधा रहिवासी व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिल्यास रद्द होतो. ऑस्ट्रेलियाच्या पीआरवाल्यांनी व्हिसातली प्रवासाची पाच वर्षांची मुदत तपासावी.

तोच दिवसांचा आकडा भारतातल्या आयकरालाही लागतो. भेटीला आलेल्या अनिवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात १८२ दिवसांच्या आत धोका नाही. पण भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर ही रेघ १२० दिवसांवर येते. डिसेंबर ते जून असा मुक्काम दोन आर्थिक वर्षांत वाटला जातो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. कधीकधी चार दिवस आधी निघून मोठी कटकट वाचते.

तीस दिवस आधी: बडोद्याचं घर हवाली करा

एक जाड पुठ्ठ्याची दोनशे पानी वही घ्या. मोबाइलमधली यादी नको. रात्री दोन वाजता काकू तुमच्या फोनमध्ये डोकावू शकत नाहीत. वही फ्रिजवर, दोरीने बांधून.

पहिल्या पानावर फक्त नंबर, बोटभर उंचीच्या आकड्यांत: १०८, शेजारी, जवळचा चुलतभाऊ, डॉक्टर, औषधवाला, स्वयंपाकाला येणाऱ्या बेन. तुमचा परदेशातला नंबर सगळ्यात खाली. तो वर असला की घरचे आधी तुम्हाला फोन लावतात, आणि सात समुद्रांपलीकडून तुम्ही शेजाऱ्याला. त्यात दहा मिनिटं जातात.

दुसरं पान औषधांचं, आणि तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. रकाने पाच करा: औषधातला मूळ घटक, ताकद मिलिग्रॅममध्ये, कशासाठी, कधी, जेवणाआधी की नंतर. ब्रँडचं नाव शेवटी कंसात. कारण साधं आहे. दुकानदाराने कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो. पांढरी गोळी संपायच्या आत गुलाबी घरात येते, आणि आजी दोन्ही घेतात. रक्तदाबाच्या गोळीचं असं झालं की चक्कर येऊन पडणं फार दूर नसतं. मूळ घटक लिहिला असेल तर भाजी निवडणारी बेनसुद्धा दोन पट्ट्या शेजारी धरून "हे तर एकच छे" म्हणू शकते. सात दिवस गुणिले चार वेळा अशा २८ खणांची प्लास्टिकची डबी मिळते. ती दर रविवारी एकाच माणसाने भरायची. दोघांनी मिळून भरली की दोघंही समजतात, दुसऱ्याने भरली. वॉर्फरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर पुढच्या तपासणीची तारीख त्याच पानावर लाल पेनाने लिहा.

तिसरं पान पैशांचं. दोन महिन्यांनी येणारं वीजबिल, पाईप गॅसचं बिल, सेवासदनाचा (महापालिकेचा) वेरो म्हणजे घरपट्टी, कामवाल्यांचे पगार, आरोग्यविम्याचा हप्ता: तारीख, अंदाजे रक्कम, कुठून जाणार. बँकेतून आपोआप जाणारं जे शक्य असेल ते लावून टाका. आईबाबांना पेन्शन असेल तर नोव्हेंबरात जीवन प्रमाणपत्र द्यावं लागतं. ८० च्या पुढच्यांना ऑक्टोबरपासून देता येतं. चेहरा ओळखून घरबसल्या मोबाइलवरून ते होतं. तुम्ही इथे आहात तोवर कुणाला तरी एकदा शिकवून ठेवा. ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड मिळतं, त्यात घराच्या उत्पन्नाची अट नाही. ते काढायचं राहिलं असेल तर आधार घेऊन जाण्याचा एक सकाळचा फेरा पुरतो.

तुमचा भारतीय सिमही याच यादीत धरा. बँकेचा ओटीपी त्यावर येतो. आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधी इथूनच चालू करा, आणि रिचार्जची आठवण लावून ठेवा. ९० दिवस वापर नसलेला नंबर बंद होऊ शकतो.

घर विश्वामित्री नदीच्या बाजूला सखल भागात असेल तर एक पान पावसाचं. ऑगस्ट २०२४ च्या पुरात कमरेइतकं पाणी पाहिलेल्यांना हे सांगायला नको: १५ दिवसांची औषधं, कागदपत्रांची पिशवी वरच्या मजल्यावर, आणि वरच्या मजल्यावरचे कोण आईबाबांना आधी वर नेणार, त्यांचं नाव.

वही तयार झाली म्हणजे हवाली झाली असं नाही. निघायच्या आधी दहा दिवस रंगीत तालीम करा. तुम्ही घरातच, पण हात बांधून. गोळ्या बेन देणार, दूध भाऊ आणणार, दार बाबा उघडणार. शेवटचे दोन दिवस बडोद्यातच मांजलपूरला मावशीकडे राहायला जा. तेव्हा खऱ्या भेगा दिसतात: रात्री आडणा लावल्यावर सकाळच्या परिचारिकेला दार कोण उघडणार, एटीएमचा पिन फक्त तुम्हालाच माहीत आहे, आईला बेनच्या हातचं वरण चालत नाही. हे मांजलपूरहून सुटतं, शिकागोहून सुटत नाही.

दोन आठवडे आधी: तिकडे तीन प्रश्न विचारा

व्हिडिओ कॉलवर मुलं असताना नव्हे, जोडीदार एकटा असताना.

मी नसताना काय बदललं? यात शाळेच्या बसची वेळ, डब्यात काय जातं, झोपायची वेळ, कुठला डॉक्टर, कुठलं ॲप, कोण मित्र, सगळं येतं. उत्तर लिहून घ्या आणि वाद घालू नका. दोन चपात्यांऐवजी आता रोज पास्ता जातो हे ऐकून ओठ चावला तरी चालेल.

तू कशाने दमला आहेस, आणि काय तुझ्याकडेच राहिलेलं आवडेल? हा प्रश्न लोक विचारतच नाहीत. मुलीची वेणी घालायला शिकलेल्या बापाला वेणी सोडायची नसते.

पहिल्या आठवड्यात माझ्याकडून काय नको? उत्तर बहुधा एवढंच असतं: पाहुणे नकोत, कपाटं आवरणं नको.

सामान आणि प्रवास

हरणी विमानतळावरून तुमच्या देशाचं थेट विमान नाही, म्हणून अमदावाद किंवा मुंबई. अमदावाद साधारण ११० किलोमीटर, द्रुतगती मार्गाने दोन तास. पावसाळ्यात तीन धरा. मुंबईला रेल्वेने जात असाल तर बोरिवलीला उतरणं सहारच्या टर्मिनलसाठी सोयीचं. बडोदा-मुंबई विमानाचं तिकीट वेगळं काढत असाल तर सावधान. बहुतेक देशी तिकिटांवर १५ किलो, आणि तुमच्याकडे २३ किलोच्या दोन बॅगा. जादा वजनाचा भुर्दंड तिकिटाच्या बरोबरीने जातो. एकाच तिकिटावर सगळा प्रवास असेल तर हा प्रश्न येत नाही.

घरच्या काट्यावर बॅग साडेबावीसच्या आत ठेवा. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत चालत नाही. सुका नारळ विमानात कुठेच नको. लिलो चिवडा आणि भाकरवडी नेता येते, पण चिवड्याचं तेल दोन पिशव्यांतूनही कपड्यांपर्यंत पोचतं. घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. अमेरिकेत तांदूळ, ताजी फळं, कढीपत्ता, बियाणं नेऊ नका. ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि श्रीखंड दोन्ही बाद. कुठेही असो, जे आहे ते फॉर्मवर लिहा. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतील. लपवलेल्या वस्तूला दंड. नेहमीची औषधं मूळ पट्टीत, चिठ्ठीसकट, अमेरिकेसाठी ९० दिवसांपुरती.

मूल तुमच्याबरोबर इथे असेल आणि तुम्ही दोघंच परतत असाल तर दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र जवळ ठेवा.

आणि गुरुवारी उतरा. शुक्रवारी मुलं शाळेत असताना झोप काढता येते, मग सलग दोन दिवस घर एकत्र. रविवारी उतरून सोमवारी कामावर गेलेलं माणूस आठवडाभर कुणाच्याच कामाचं नसतं.

पहिले तीन दिवस

शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं. न्यूयॉर्कशी फरक उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा, म्हणजे आठ-दहा दिवस धरून चला. पहाटे तीनला टक्क जाग येणार. उठून पोळ्या लाटायला घेऊ नका. घरभर लाटण्याचा आवाज होतो आणि सगळ्यांची झोप जाते. दिवसा उजेडात चाला, दुपारची डुलकी अर्ध्या तासावर आणा, संध्याकाळी सातनंतर चहा बंद. पहिले दोन दिवस गाडी चालवायची नाही, मुलांना शाळेतून आणायचं असलं तरी नाही.

भेटवस्तू पहिल्या संध्याकाळी सगळ्या काढू नका. एक काढा. बाकीच्या आठवड्याभरात. नाहीतर मूल तुम्हाला सोडून बॅगेला भेटतं.

मुलं

दीड ते तीन वर्षांचं मूल विमानतळावर तुमच्याकडे बघून तोंड फिरवतं आणि बाबांच्या मानेत घुसतं. हा फटका बहुतेक आयांना सगळ्यात जोरात लागतो. जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन या ब्रिटिश संशोधकांनी १९५० च्या दशकाच्या आसपास आईपासून दूर, इस्पितळात ठेवलेल्या लहान मुलांमध्ये तीन टप्पे नोंदवले: आधी आकांत, मग खचणं, मग अलिप्तपणा. परत भेटल्यावर दिसते ती अलिप्तता. नात्यात ओल आहे म्हणूनच ती येते. इलाजही शरीरानेच करायचा. जमिनीवर बसा, हात पसरू नका, त्याच्या खेळण्यातली एखादी गाडी स्वतःशीच चालवत राहा. ते आपणहून गुडघ्याला टेकेपर्यंत उचलू नका. कधी दहा मिनिटं लागतात, कधी दोन दिवस. टेकलं की मग आठवडाभर सोडणार नाही, बाथरूमच्या दाराशी रडेल. तेव्हा "मी परत येते" म्हणून खरंच तीन मिनिटांत बाहेर या. शब्द पाळला जातो हे त्याला मोजून बघायचं असतं.

चार ते नऊ वर्षांची मुलं नियमांची चाचणी घेतात. "बाबा तर आयपॅड देतात" हे खरं असेलही, खोटंही. जागेवर निकाल देऊ नका. "रात्री बाबांना विचारते" एवढं पुरे. दोन पालकांमध्ये फट आहे असं एकदा दिसलं की ती रुंद करायला मुलांना वेळ लागत नाही.

दहाच्या पुढची मुलं "हाय" म्हणून खोलीत जातात. त्यांच्या आयुष्यातले पाच महिने तुम्ही पाहिलेले नाहीत, आणि ते सगळे एका जेवणात ऐकायचा हट्ट धरला की ती मिटतात. गाडीत शेजारी बसून जाताना, नजरेला नजर नसताना, बोलणं निघतं. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगा: आजीची तब्येत नेमकी कशी आहे, आणि पुन्हा जावं लागण्याची शक्यता आहे का. मोठी मुलं तेच मनात धरून असतात आणि विचारत नाहीत.

मराठी थोडी मागे गेलेली असेल. जोडीदार दमल्यावर इंग्रजीत बोलला असेल, त्याबद्दल एक अक्षर काढू नका. झोपताना रोज एक गोष्ट मराठीत, एवढ्यावर सहा आठवड्यांत गाडी बरीच रुळावर येते.

ओटा, कपाटं आणि जोडीदार

पहिले सात दिवस फक्त बघा. मिठाचा डबा शेगडीच्या डावीकडे गेला असेल, कारण गेले पाच महिने स्वयंपाक करणारा हात डावखुरा होता. तो तिथेच राहू द्या. हात आपोआप जुन्या जागी जाईल, रिकामा परत येईल, आणि तेवढ्यात तोंडातून "हे इथे कुणी ठेवलं?" निघेल. त्या चार शब्दांत पाच महिन्यांच्या एकहाती संसाराची तपासणी असते. समोरच्याला नेमकं तेच ऐकू येतं.

दुसऱ्या आठवड्यात एकच काम परत घ्या, पण अख्खं. डबा घेतलात तर किराणा, मेनू, भरणं, धुणं सगळं तुमचं, आणि त्यात जोडीदाराने नाक खुपसायचं नाही. अर्धवट घेतलेल्या कामांवरच भांडणं होतात, कारण विसरल्याचा दोष नेहमी दुसऱ्याकडे जातो. तिसऱ्या आठवड्यात रविवारी, मुलं झोपल्यावर, वीस मिनिटं बसा: काय परत आलं, काय तिकडेच राहणार, काय दोघांनाही नको आहे आणि पैसे देऊन करून घेता येईल. या बैठकीत तिकीट, दवाखाना, तिकडचे जादा खर्च यांचा आकडाही एकदाच मांडा. महिनोन्महिने थेंबाथेंबाने निघाला तर तो प्रत्येक वादात डोकं वर काढतो.

पहिला आठवडा छान जातो आणि दुसऱ्यात खटके उडतात, हा क्रम जवळपास ठरलेला. दुसऱ्या आठवड्यातल्या भांडणावरून काही ठरवू नका. मात्र तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातही झोप येत नसेल, जेवण जात नसेल किंवा मुलाशी बोलायची इच्छाच होत नसेल तर ती जेटलॅगची थकावट नव्हे; डॉक्टरांकडे जा.

बडोद्याचा फोन

परतल्यावर पहिले काही दिवस दर दोन तासांनी फोन लावला जातो. त्याने आईची काळजी कमी होत नाही, आणि इकडे मुलांना आई फोनमध्येच दिसते. दिवसातून एक वेळ ठरवा. बडोद्यात संध्याकाळचे साडेसात म्हणजे न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ. तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हलतात, आपली हलत नाहीत. त्या दोन दिवशी आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर ती तासभर फोन हातात घेऊन बसून राहते.

रविवारचा फोन गोळ्यांच्या डबीसमोर करायचा. भरलेली डबी कॅमेऱ्यासमोर, झाकणं उघडी, आणि शेजारी वहीचं दुसरं पान. खण मोजायला दीड मिनिट लागतं. त्यानंतर आईशी गोळ्यांबद्दल एक शब्दही बोलू नका. आज लिलो चिवडा कुणी आणला, सुरसागरावर फिरायला गेली होतीस का, ते विचारा.